सहा खुर्च्यांचं इंग्रजी

एका दिवाणखान्यात सहा खुर्च्या आहेत आणि सहाही वेगवेगळ्या आहेत. एक वेताची, एक लोखंडी, एक घडीची, एकीचा हात तुटलेला, असं आपलं काहीबाही. मराठी पाहुणा बसता बसता म्हणेल, "सेट मोडलेला दिसतोय." विषय संपला, चहा येऊ दे.

इंग्रजाचं तसं नाही. तो आधी घराचा पत्ता बघतो, मग यजमानाचे बूट बघतो आणि मगच तोंड उघडतो. घर लंडनच्या चेल्सीत असेल आणि खुर्च्या लिलावात बोली लावून आणल्या असतील, तर मांडणी 'एक्लेक्टिक'. त्याच सहा खुर्च्या चार विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या खोलीत असतील, तर त्या 'मॉटली'. दुकानदार विकायला काढील तेव्हा त्या 'असॉर्टेड'. कर्जापायी जप्ती आली आणि कारकुनाने यादी केली, तर 'सन्ड्री'. यजमान प्राध्यापक असले तर सगळ्याच विशेषणांना माफी असते; प्राध्यापकांच्या घरी काहीही शोभतं, कारण तिथे बसायच्या जागी पुस्तकंच असतात.

कोशात बघायला जावं तर या सगळ्या शब्दांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ: विविध, नाना प्रकारचे, मिश्र. आपण शाळेत ते तसेच पाठ केले आणि तसेच पेपरात उतरवले. मास्तरांनीही गुण दिले. पण ही विशेषणं वस्तूचं वर्णन करण्यासाठी जन्माला आलेलीच नाहीत. वस्तू कोणाची, ती निवडून आणली की गळ्यात पडली, आणि बोलणाऱ्याच्या मनात तिच्या मालकाला किती किंमत आहे, एवढंच त्यांतून कळतं. खुर्च्या नुसत्या निमित्ताला.

हा घोटाळा वाढवण्यात एका सज्जन डॉक्टरांचा हात आहे. पीटर मार्क रॉजे यांनी 1852 साली, वयाच्या 73व्या वर्षी, आपला 'थिसॉरस' छापला. माणसाच्या डोक्यातल्या सगळ्या कल्पना त्यांनी एक हजार कप्प्यांत बसवल्या. माणूस निवृत्तीनंतर काय करील सांगता येत नाही. पुढच्या आवृत्त्यांत एक कप्पा 'मल्टिफॉर्मिटी'चा आहे. तिथे मल्टिफेरियस, हेटेरोजीनियस, मॉटली, मोझेइक अशी मंडळी शेजारी शेजारी बसलेली असतात. 'ऑम्निफेरियस' नावाचे एक गृहस्थही आहेत. ते मला त्या कप्प्याबाहेर कधी भेटलेले नाहीत. आता कप्पा एक म्हणजे सगळे सख्खे भाऊ, असं समजून एखाद्या हौशी वधूपित्याने इंग्रजी पत्रिकेत 'आपल्या मॉटली कुटुंबासह अगत्य येणे' असा मजकूर घातला, तर कुटुंब येईल, पण हात राखून आहेर करील.

या शब्दांच्या कुंडल्या काढल्या तर बहुतेकांचं माहेर स्वयंपाकघरात निघतं, आणि तेही कालचं उरलेलं गरम करणाऱ्या स्वयंपाकघरात. 'मिसेलेनियस' हा शब्द फायलींच्या पाठीवर बघून आपण त्याला अकारण मान देतो. लॅटिनमध्ये 'मिसेलानिया' म्हणजे ग्लॅडिएटरांच्या आखाड्यात मिळणारं सरमिसळ केलेलं हलकं अन्न. जुव्हेनल हा रोमन कवी जिभेच्या चोचल्यांपायी घर धुऊन बसणाऱ्यांना बजावतो की बाबांनो, अशाने एक दिवस आखाड्यातल्या मिसेलानियावर याल. या शब्दाच्या मागे असलेलं 'मिस्केरे' हे लॅटिन क्रियापद आणि आपला संस्कृत 'मिश्र' हे एकाच कुळातले. म्हणजे 'मिसेलेनियस' आणि 'मिसळ' या नात्याने चुलत बहिणी झाल्या. एक सरकारी नोकरीत गेली, दुसरी कोल्हापुरात स्थायिक झाली. दुसरीचं जास्त चांगलं चाललंय.

'फरागो' तर स्वयंपाकघरातही पोचलेला नाही, तो गोठ्यातच राहिला. मे 2017 मध्ये शशी थरूर यांनी आपल्यावरच्या आरोपांना उत्तर देताना एका ट्वीटमध्ये तो वापरला आणि अर्ध्या भारताने मोबाइलवर कोश उघडला. अनेकांना वाटलं, काहीतरी भारदस्त कायदेशीर संज्ञा असणार. लॅटिनमध्ये फरागो म्हणजे गुरांना घालायचा मिश्र चारा. थरूरांनी विरोधकांपुढे वैरण टाकली होती आणि विरोधक उच्चार शिकत बसले. शहाण्या माणसाने शिवी द्यावी तर अशी, की समोरच्याने ती पाठ करावी. जुव्हेनलने मात्र हा शब्द स्वतःच्याच पुस्तकाला लावला होता. हल्लीच्या लेखकांनी एवढा मोकळेपणा प्रस्तावनेत दाखवला तर समीक्षकांचं अर्धं काम वाचेल.

'पॉपुरी' हा त्यातल्या त्यात सुगंधी शब्द. चांगल्या हॉटेलच्या प्रसाधनगृहात आरशाखाली वाळलेल्या पाकळ्यांची वाटी ठेवलेली असते, ती पॉपुरी. फ्रेंचमध्ये त्याचा सरळ अर्थ कुजकं भांडं. स्पॅनिश लोक मांस, कडधान्यं आणि भाज्या एकत्र रटरटवून एक पदार्थ करत. त्याच्या नावाचं फ्रेंचांनी शब्दशः भाषांतर केलं, पुढे त्यातलं मांस गेलं, पाकळ्या आल्या आणि नाव तेवढं राहिलं. 'पास्टिश' हा समीक्षकांचा लाडका शब्द इटालियन 'पास्तिच्चो'वरून आला. ते एक सारण भरून भाजलेलं पक्वान्न. 'साल्मागुंडी' म्हणजे मांस, अंडी, लोणची यांची एक थाळी. अमेरिकन लेखक वॉशिंग्टन आयर्विंगने 1807 साली न्यूयॉर्कची टिंगल करणारं नियतकालिक काढलं, त्याचं नाव हेच ठेवलं, आणि त्यातच त्या शहराला 'गॉथम' हे टोपणनाव दिलं. बॅटमॅनचं गाव एका कोशिंबिरीतून निघालं, हे बॅटमॅनला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

आपली खिचडीही या पंगतीला आहे. तिचं 'केजरी' झालं. यूल आणि बर्नेल यांनी 1886 मध्ये 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश काढला तेव्हा त्यात तिची रीतसर नोंद केली. विलायतेत गेल्यावर तिच्यातली डाळ सुटली आणि धुरी दिलेला हॅडॉक मासा व उकडलेली अंडी आत शिरली. आपल्याकडे पोट बिघडल्यावर खायचा पदार्थ, तिकडे साहेब पोट चांगलं असताना सकाळी सकाळी खाऊ लागला. साम्राज्य का बुडालं यावर मोठमोठे ग्रंथ आहेत. केजरीकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

पण या सगळ्या पातेल्यांत खरं नशीब काढलं ते 'हॉचपॉच'ने. फ्रेंच 'ओशपो' म्हणजे भांडं ढवळून केलेला रस्सा. तो इंग्लंडला पोचला आणि थेट वारसाहक्काच्या कायद्यात जाऊन बसला. बापाने एका मुलीला लग्नात जमीन दिली असेल आणि त्याच्या पश्चात तिला वाटणीत हिस्सा हवा असेल, तर तिने आधी मिळालेली जमीन पुन्हा सामायिक हिशेबात आणावी, मग सगळं एकत्र धरून वाटे पडतील, असा तो नियम. या सामायिक हिशेबाचं नाव 'हॉचपॉट'. पंधराव्या शतकातला न्यायमूर्ती लिटल्टन तर आपल्या कायद्याच्या ग्रंथात हॉचपॉट म्हणजे पुडिंग असं समजावून देतो. पुडिंगमध्ये सहसा एकच जिन्नस घालत नाहीत, त्यात बरंच काही घालतात, असा त्याचा युक्तिवाद. कायद्याच्या पुस्तकात पाककृती सापडण्याचा हा प्रसंग दुर्मिळ.

तोच रस्सा इंग्रजांच्या मागे भारतात आला आणि हिंदू एकत्र कुटुंबाच्या वाटणीच्या दाव्यांत मुरला. आजही दिवाणी न्यायालयाच्या आवारात उभं राहिलं की 'कॉमन हॉचपॉट' कानावर पडतं. एखाद्याने स्वतःच्या कमाईची मिळकत कुटुंबाच्या मिळकतीत मनापासून मिसळून टाकली, तर ती त्याची एकट्याची उरत नाही, असं ते तत्त्व. यातल्या 'मनापासून' या शब्दावर वकिलांच्या तीन पिढ्या जगल्या आहेत.

"दादा, तुमच्या बंधूंचं म्हणणं असं की तुम्ही तो फ्लॅट कॉमन हॉचपॉटमध्ये टाकलात."

"मी कशाला टाकीन? फ्लॅट आहे तिथेच आहे. बिबवेवाडीला."

"तसं नाही हो. म्हणजे सगळ्यांचा मिळून समजलात."

"गणपतीला सगळे येतात, जेवतात, राहतात. एवढंच."

"हेच, हेच टाकणं."

दादांना त्या क्षणी पहिल्यांदा कळतं की गेली कित्येक वर्षं आपण पाहुण्यांना मोदक वाढत नव्हतो, मिळकत ढवळत होतो. दाव्यात पाच-सहा तऱ्हेची गाऱ्हाणी एकत्र घातली असतील तर समोरचा वकील उठून 'मल्टिफेरियसनेस'ची हरकत घेतो. निबंधात दहापैकी आठ गुण मिळवून देणारा हा शब्द कोर्टात दाव्याचा दोष ठरतो. भावाभावांच्या भांडणात मात्र गाऱ्हाणं कधीच एक नसतं, त्यामुळे ही हरकत निसर्गनियमाविरुद्धची आहे असं माझं मत. ते विचारलेलं नाही, हे मान्य.

वकिलांइतकेच हिशेबनीसही या शब्दांवर पोसले गेले. टॅलीवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा. 'सन्ड्री डेटर्स' आणि 'सन्ड्री क्रेडिटर्स' हे दोन गट त्याच्या रक्तात असतात. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मुलं हा शब्द शिकतात आणि निवृत्त होईपर्यंत वापरतात. मध्ये कधी कोणी 'सन्ड्री म्हणजे नक्की काय' असं विचारल्याचं ऐकिवात नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ वेगवेगळा, सुटा, एकटा. सुटे सुटे देणेकरी एकत्र बांधायला सुटेपणाचाच शब्द वापरायचा, ही करामत हिशेबातच शक्य आहे. आपलं नाव एखाद्याच्या वहीत सन्ड्रीत पडलं असेल तर समजावं की आपली बाकी मोठी नाही आणि आपल्याला चहाला बोलावण्यात येणार नाही. ऑस्ट्रेलियात क्रिकेटमधल्या अवांतर धावांना 'सन्ड्रीज' म्हणतात. एकाही फलंदाजाच्या नावावर न जाणाऱ्या त्या धावा. काही सामन्यांत त्याच सर्वोच्च धावसंख्या करतात.

कपड्यांकडे वळू. 'मॉटली' हे मुळात रंगीबेरंगी सुतांच्या कापडाचं नाव. जुना इंग्रज कवी चॉसर याचा व्यापारी ते अंगावर घालून घोड्यावर बसतो आणि कोणी त्याला हसत नाही. पुढे ते दरबारी विदूषकाच्या अंगावर गेलं आणि कापडाची अब्रू गेली. विदूषकाचा वेश ठिगळाठिगळांचा होता की नुसता मिश्र सुताचा, यावर लेस्ली हॉट्सन या संशोधकाने 1952 मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. त्याचा कौल सुताच्या बाजूने. लॉस एंजेलिसच्या चार रॉक वादकांनी 1981 मध्ये आपल्या वाद्यवृंदाला 'मॉटली क्रू' नाव दिलं, तेही स्पेलिंग मोडून आणि दोन स्वरांवर विनाकारण जर्मन टिंबं देऊन. ती टिंबं उच्चारली तर नावाचं भलतंच काही होतं. ती फक्त बघायची. नसीरुद्दीन शाह आणि बेंजामिन गिलानी यांनी मुंबईत नाट्यसंस्था काढली, तिचंही नाव 'मॉटली'. नटांनी ते स्वतःहून घेतलं म्हणून त्याला शोभा आली. हेच नाव बाहेरून एखाद्या टीकाकाराने दिलं असतं तर पहिल्या प्रयोगालाच वाजलं असतं.

'चेकर्ड'ची गोष्ट तर आपल्या घरातली आहे. बुद्धिबळात आपण 'शह' देतो, तो फारसी 'शाह' म्हणजे राजा. हाच शाह अरबी आणि फ्रेंच वाटेने इंग्लंडला गेला तेव्हा त्याचा 'चेक' झाला. पटावरच्या चौकड्यांवरून कापड 'चेक्स'चं झालं. राजाचा महसूल मोजायला चौकड्यांचं कापड टेबलावर अंथरून त्यावर सोंगट्या सरकवत, म्हणून खजिन्याचं नाव 'एक्सचेकर' पडलं. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही स्वतःला चान्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणवतो. मराठीत करायचं तर 'पटाचा कारभारी'. कापड प्रतिष्ठित, खजिना प्रतिष्ठित. पण माणसाची कारकीर्द 'चेकर्ड' म्हटली की समजावं, गृहस्थ एकदा तरी रात्रीतून गाव सोडून गेलेले आहेत. शर्टाला जे चालतं ते चारित्र्याला चालत नाही.

शेताकडे गेलं की 'हायब्रीड' भेटतो, आणि इथे महाराष्ट्राला इंग्रजांपेक्षा जास्त बोलण्याचा अधिकार आहे. लॅटिनमध्ये पाळीव डुकरीण आणि रानडुक्कर यांच्या पिलाला 'हिब्रिडा' म्हणत. 1964 मध्ये ज्वारीचा सीएसएच-1 हा पहिला संकरित वाण आपल्याकडे आला आणि बघता बघता खेड्यापाड्यांत 'हायब्रीड' हे विशेषण राहिलंच नाही, ते धान्याचंच नाव झालं. "यंदा काय पेरलं?" "हायब्रीड." उतारा दांडगा, पण भाकरीला जुनी चव नाही, अशी तक्रार आजोबांनी केली, आणि मग नातवाला दम लागला, चष्मा लागला, त्याने उलट उत्तर दिलं की सगळ्याचं कारण एकच: हायब्रीड खाल्लेली पिढी. आता शहरात तोच शब्द मोटारीला लावला की दोन-तीन लाख किंमत वाढते आणि नोकरीला लावला की माणूस आठवड्यात दोन दिवस घरी बसून पगार घेतो. आजोबांना हे सांगायची सोय राहिली नाही.

रोपवाटिकेत 'व्हेरिगेटेड' शब्दाचा भाव असाच. पानाच्या ज्या भागात हरितद्रव्य नाही तो पांढरा-पिवळा दिसतो. झाडाच्या दृष्टीने ही अडचण, वाढही मंद. माळी मात्र म्हणतो, "साधा मनीप्लँट आहे, आणि हा व्हेरिगेटेड." दुसरा महाग असतो.

अलीकडे सगळ्यांना मागे टाकून 'डायव्हर्स' पुढे आला आहे. मध्ययुगीन इंग्रजीतही तो होता, तेव्हा अर्थ साधा होता: निरनिराळे, अनेक. अनेक असल्याशिवाय निरनिराळे होता येत नाही, हे लहान मुलालाही कळतं. पण अमेरिकेतल्या कंपन्यांत भरतीच्या वेळी 'डायव्हर्स कॅन्डिडेट' असं एका माणसाबद्दल म्हणतात. एकटा माणूस, एक खुर्ची, एक बायोडेटा, आणि तरीही विविध! तिथे गेलेला आपला साताऱ्याचा इंजिनीअर पहिल्यांदा हे ऐकून मागे वळून बघतो, की आपल्याबरोबर आणखी कोण आलंय. गावी असताना तो आडनावावरून ओळखला जात होता, पुण्यात जिल्ह्यावरून, बंगळुरूत राज्यावरून. सिअ‍ॅटलला पोचेपर्यंत त्याची एकट्याचीच विविधता झाली.

एवढ्या मंडळींना एका देशात बसवायचं कसं, यासाठीही त्यांनी पुन्हा भांडीच काढली. 'मेल्टिंग पॉट' ही अमेरिकेची ओळख गाजवली इस्रायल झँगविल यांच्या 1908 च्या नाटकाने. वॉशिंग्टनच्या पहिल्या प्रयोगाला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हजर होते. सगळ्यांनी वितळून अमेरिकन व्हावं असं सांगणारे झँगविल स्वतः लंडनचे. ते न वितळता परत गेले. कॅनडाने भांडं नाकारून फरशी निवडली. जॉन मरे गिबन यांचं 'कॅनेडियन मोझेइक' हे पुस्तक 1938 साली आलं. गिबन जन्मले सिलोनमध्ये आणि प्रसिद्धीचं काम बघत कॅनडाच्या रेल्वे कंपनीचं, त्यामुळे रंगीत तुकडे जवळजवळ मांडून वरून चकाकी कशी आणायची हे त्यांना नोकरीनेच शिकवलेलं होतं. पुढे कोणीतरी 'सॅलड बोल' आणला. ते भांडं जरा बरं, निदान त्यात कोणाला उकळत नाहीत.

चांगलं-वाईट एकत्र असलेल्या गोष्टीला इंग्रज 'पाद्र्याचं अंडं' म्हणतात. 1895 च्या नोव्हेंबरात 'पंच' साप्ताहिकात जॉर्ज द्यु मॉरिए यांचं व्यंगचित्र आलं. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेल्या एका नवशिक्या पाद्र्याच्या ताटात नासकं अंडं येतं. यजमान दिलगिरी व्यक्त करतात, तर तो घाईघाईने ग्वाही देतो की नाही नाही, याचे काही काही भाग उत्कृष्ट आहेत. अंडं काही हप्त्याहप्त्याने नासत नाही, हा खरा विनोद. पण म्हण झाल्यावर विनोद गळाला आणि 'थोडं बरं, थोडं वाईट' एवढा सपक अर्थ उरला. आपल्याकडे हे विशेषण नाही, पण पाद्री भरपूर आहेत. मित्राच्या नाटकाचा प्रयोग संपल्यावर रंगपटात शिरून "नेपथ्य छान होतं" म्हणणारे सगळे त्याच पंथाचे.

इतकी विशेषणं या एका भाषेकडे आली कुठून, हा प्रश्न तिकडच्या मंडळींनाही पडला होता आणि ते त्यावर चिडलेही होते. 1579 मध्ये कवी एडमंड स्पेन्सरचं 'शेफर्ड्स कॅलेंडर' निघालं, त्याच्या सुरुवातीला 'ई. के.' अशी सही करणाऱ्या टीकाकाराने तक्रार नोंदवली की लोकांनी उसनवारी करकरून आपल्या इंग्रजीचं पार गॅलिमॉफ्री आणि हॉजपॉज करून टाकलं आहे. गॅलिमॉफ्री हा फ्रेंच रस्सा. हॉजपॉज म्हणजे आपल्या दादांच्या फ्लॅटवाला तोच ओशपो, तोही फ्रेंच. शुद्ध इंग्रजीचा कैवार घ्यायला निघालेल्या माणसाने ऐन मोक्याच्या वाक्यात दोन्ही शिव्या शेजाऱ्याकडून मागून आणल्या. आणि हा ई. के. म्हणजे नक्की कोण, स्पेन्सरचा मित्र, की स्पेन्सर स्वतःच नाव बदलून बसलेला, यावर अभ्यासक अजून भांडताहेत.